हिवाळ्यात कायोटीला साद घालताना: तोंडाचा कॉल की इलेक्ट्रॉनिक?

कॉल म्हणजे भक्ष्याचा किंवा कायोटीचाच आवाज काढून त्याला जवळ बोलावायचं साधन. नोव्हेंबर लागला की आमच्या शिकारीच्या सामानाच्या दुकानात पहिला प्रश्न हाच येतो, ‘दोन्हींतलं कुठलं घेऊ?’ विचारणाऱ्याच्या हातात बहुतेक वेळा रिमोटचा इलेक्ट्रॉनिक कॉल असतो. विचिटा, ओव्हरलँड पार्क, डेन्व्हरहून इथे पश्चिम कॅन्ससला येणाऱ्या मराठी मंडळींना आम्ही दरवर्षी एकच सांगतो. पहिल्या हिवाळ्यात साधा ओपन रीड, म्हणजे उघड्या पट्टीचा, तोंडाने वाजवायचा कॉल घ्या, महिनाभर गाडीत वाजवा, यंत्र नंतर. यंत्र विकून आम्हाला जास्त पैसे मिळतात, तरीही आमचं मत हेच आहे. ऐन थंडीत बॅटरी दगा देते तेव्हा खिशातला कॉलच कामाला येतो.

कायोटी म्हणजे आपल्या कोल्ह्याचा भाऊबंद. कोल्ह्याहून थोराड, लांडग्याहून बराच लहान; आमच्या भागात वजन साधारण २५ ते ३५ पौंड. थंडीत त्याला भूक जास्त लागते आणि अंगावरची लव दाट होते, म्हणून हिवाळा हाच त्याच्या शिकारीचा खरा हंगाम.

तोंडाचे कॉल

तोंडाने आवाज काढून जनावर जवळ आणणं आपल्याला परकं नाही. फासेपारध्यांतली जुनी माणसं तित्तराचा आवाज हुबेहूब काढत. इथल्या कॉलला फक्त रीडची मदत असते.

क्लोज्ड रीडमध्ये पातळ पट्टी नळीच्या आत बंद असते, पेटीतल्या रीडसारखी. फुंकलं की वाजला. सशाची किंकाळी पहिल्याच दिवशी जमते. पण आवाज साधारण एकाच जातीचा, आणि थंडीत श्वासातली वाफ आत गोठून पट्टी चिकटते. ओपन रीडमध्ये पट्टी उघडी असते. तिच्यावर दात किंवा ओठ कुठे टेकवता त्यावर सूर चढतो, उतरतो. शिकायला वेळ लागतो, पण एकाच कॉलवर ससा, उंदीर, पिल्लाचं केकाटणं आणि कोल्हेकुई सगळं निघतं. शिवाय बर्फ धरला तर अंगठ्याने पुसून पुन्हा वाजवता येतो. टाळूला लावायचा डायफ्रॅम, म्हणजे पातळ पडद्याचा कॉल, हात मोकळे ठेवतो आणि तोंडाच्या उबेत गोठत नाही. मात्र काहींना त्याने उमासे येतात, म्हणून आधी घरी लावून बघा.

एका जानेवारीत स्मोकी हिल नदीकाठच्या कापलेल्या गव्हाच्या रानात बसलो होतो. पारा शून्य फॅरनहाइटच्या आसपास. तिसऱ्या फुंकीला क्लोज्ड रीडमधून नुसती हवा आली. नेमका तेव्हाच समोरच्या ओघळीच्या तोंडाशी कायोटी उभा राहिला. आवाज तुटला तसा तोही थबकला, कान आमच्याकडे, पुढचा एक पाय अधांतरी. दुसरा कॉल काढायला हात हलवला असता तर संपलंच होतं. ओठ आवळून हवा आत ओढली, उंदरासारखी बारीक चूंचूं केली. तो तीस यार्डांपर्यंत आला. त्या दिवसापासून आम्ही कॉल जॅकेटच्या आत, गळ्यातल्या दोरीला ठेवतो. तुम्हीही तसाच ठेवा.

इलेक्ट्रॉनिक कॉल

याचा मोठा फायदा म्हणजे रिमोटवर चालणारा स्पीकर लांब ठेवता येतो आणि आवाज तुमच्यापासून दूर होतो. जनावराची नजर स्पीकरवर राहते, तुमच्यावर नाही. अल्कलाइन बॅटऱ्या थंडीत लवकर बसतात. लिथियमच्या घाला आणि एक जादा संच आतल्या खिशात ठेवा. रिमोटचीही बॅटरी असते, ती लोक हमखास विसरतात.

आवाज सुरुवातीला अगदी हळू. कायोटी शंभर यार्डांवरच्या गवतात झोपलेला असू शकतो, आणि कानाशी एकदम भोंगा वाजला तर तो उलटा पळेल. दोन-तीन मिनिटांनी वाढवा, मधेमधे पूर्ण थांबा. अखंड किंचाळणारा ससा रानात कुठे नसतो. वारा पडलेल्या, कडाक्याच्या सकाळी आवाज फार लांब जातो. जोराचा वारा असेल तर मोठा स्पीकरही काही करू शकत नाही. एका जागी १५ ते २० मिनिटं पुरेत, मग अर्धा ते एक मैल पुढे सरका.

वारा

इथे थोडं सावकाश वाचा, कारण ‘कॉल चालत नाही’ म्हणून परत आलेल्या बऱ्याच यंत्रांत काहीच बिघाड नसतो. कायोटी आवाजावर पूर्ण विश्वास ठेवत नाही. शेवटच्या टप्प्यात तो वळसा घालून वाऱ्याच्या खालच्या अंगाला जातो, आणि वास घेऊन खात्री करतो. समजा वारा तुमच्या डाव्या गालावर येतो आहे. स्पीकर डावीकडे, थोडा पुढे, पन्नास यार्डांवर ठेवा. स्पीकरचा वास घ्यायला तो वळसा घालेल, तो तुमच्या समोरून. तुमचा वास मात्र उजवीकडे वाहत असतो, म्हणून उजवीकडे मोकळं, नजरेतलं रान हवं. झाडी असेल तर ती जागा सोडा. गाडी उंचवट्यामागे लावा, दार आपटू नका.

कोणता आवाज कधी

नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये ससा आणि उंदीर पुरतात. बऱ्याच शिकाऱ्यांनी तेच वाजवून झालं की जनावरं शहाणी होतात, तेव्हा जखमी पक्ष्याचा आवाज लावून बघा. जानेवारीच्या मध्यापासून जोड्या जमू लागतात आणि कोल्हेकुई जास्त चालते. एकट्या कायोटीची लांब हाळी दोनदा द्या आणि गप्प बसा. आव्हानाची गुरकावणी जपून वापरा. तरणे कायोटी तिला घाबरून निघून जातात.

कायद्याचं

कॅन्ससमध्ये कायोटीची शिकार वर्षभर खुली आहे, पण परवाना हवा. १ जुलै १९५७ला किंवा नंतर जन्मलेल्यांना शिकार-शिक्षणाचा अभ्यासक्रमही पूर्ण करावा लागतो. एच-१बी, एल-१, एफ-१ अशा व्हिसावर असाल तर हे नीट लक्षात घ्या: अशा व्हिसाधारकांना बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगायला संघराज्य कायद्याने मनाई आहे आणि राज्याचा चालू शिकार परवाना हा त्यातला एक अपवाद आहे. परवाना हातात येईपर्यंत मित्राचीही बंदूक धरू नका. शंका असेल तर वकिलाला विचारा, दुकानदाराला नको.

इथली जवळजवळ सगळी जमीन खाजगी आहे. कुंपणाच्या खांबावर जांभळा रंग दिसला की मालकाची लेखी परवानगी लागते. कायोटीच्या मागे माती दिसल्याशिवाय गोळी झाडू नका. हिमात अंतर फसवतं, आणि उंचवट्यापलीकडे गुरं असतात. डिसेंबरच्या सुरुवातीला हरणांचा बंदुकीचा हंगाम असतो, तेव्हा नारिंगी टोपी आणि जॅकेट घालाच. हाच स्पीकर बदकांच्या नेहमीच्या हंगामात बदकांना बोलवायला वापरणं गुन्हा आहे.

आणि कृपा करून हे यंत्र गावी नेऊन माळावर वाजवू नका. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने कोल्हा आणि लांडगा दोघंही संरक्षित आहेत.

फेब्रुवारीनंतर माद्या गाभण असतात, म्हणून आमच्या शिकारीच्या सहली फेब्रुवारीअखेरीस बंद होतात. दुकान उघडं असतं. ओपन रीडची पट्टी चिरली तर कॉल टाकून देऊ नका, घेऊन या; समोर बसून बदलून देतो, त्याचे पैसे घेत नाही.