बंदुकीच्या नळीवरचा डाख: पितळी झाळीपासून कथील-चांदीपर्यंत

माशी (नेम धरायचा पुढचा खुंट), रिब (नळीच्या लांबीभर बसवलेली पट्टी) किंवा पट्ट्याची कडी नळीला जोडायची म्हटली की डाख, म्हणजे वितळवून जोड देणारा धातू, किती मजबूत, हेच आधी विचारलं जातं. खरं तर आधी पाहायचं ते नळीचं पोलाद किती उष्णता सोसेल, आणि जोडल्यावर नळी कशात बुडवली जाणार आहे.

लोखंडी आणि दमास्कस (लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून घडवलेल्या) नळ्यांच्या काळात टेम्पर, म्हणजे तापवून पोलादाला आणलेला कणखरपणा, उतरण्याची धास्ती नव्हती. दुनळीच्या मागच्या टोकाचे लंप (नळ्या बंदुकीत अडकवणारे खालचे ठोकळे) टाकणखार वापरून, सुमारे ९०० अंश सेल्सिअसवर पितळ वितळवून झाळले जात. लांबलचक रिबला मात्र ही आच देता येत नाही, नळ्या वाकतात. लंडनचा बंदूककार जोसेफ मँटन याने १८०६ मध्ये उंच रिबचं पेटंट घेतलं. इंग्लिश कारागिरांनी रिबसाठी कथील-शिशाचा डाख आणि राळ हीच जोडी धरून ठेवली. जस्त क्लोराइड राळेपेक्षा चांगलं साफ करतं, पण बंद रिबखाली उरलं तर ओल धरतं आणि तिथे नळी गंजते, तेही कुणाला न दिसता. १८९८ च्या माउझर रायफलवर मागच्या साइटची (नेम धरायच्या मागच्या खुणेची) नळीभोवतीची स्लीव्हही अशाच मऊ, कमी आचेच्या डाखाने बसवलेली असते.

मिश्रधातूंची पोलादं आली आणि गणित बदललं. क्रोम-मॉलिब्डेनम नळीचं टेम्परिंग साधारण ५५० ते ६५० अंशांना होतं. ४५ टक्के चांदीचा कॅडमियमवाला डाख ६०७ ते ६१८ अंशांत वितळायचा. त्याच्या विषारी धुरामुळे युरोपीय संघाने २०११ मध्ये असे डाख बंद केले. ५६ टक्के चांदीच्या बिनकॅडमियम डाखाला ६५२ अंशांपर्यंत जावं लागतं, म्हणजे टेम्परिंगच्या वरच्या टोकालाच. चेंबरजवळ, म्हणजे काडतूस बसतं तिथे, तो नकोच.

दुसरा घाव ब्ल्यूइंगने, म्हणजे पोलाद काळं-निळं करायच्या प्रक्रियेने, घातला. कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटचं गरम द्रावण १४० अंशांच्या आसपास असतं. डाख त्या उष्णतेने वितळत नाही; पण त्यातली अल्कली (कॉस्टिक सोडा) कथील आणि शिसं दोन्ही खाते, शिवाय क्षार रिबखाली अडकतात. म्हणून दुनळीला आजही गंज चढवून उकळत्या पाण्यात काळी करायची जुनी रीतच बरी.

अमेरिकेत १९८६ मध्ये पिण्याच्या पाण्याच्या नळांतून शिशाचा डाख हद्दपार झाला आणि कथील-चांदीला मागणी आली. ९६.५ टक्के कथील, ३.५ टक्के चांदी: २२१ अंशांना एकदम वितळतो, कथील-शिशापेक्षा मजबूत, आणि पोलादाच्या टेम्परला धक्का नाही. साध्या माशीला हाच घ्यावा. दोन्ही पृष्ठभाग घासून उघडे करायचे, वेगवेगळे कल्हई केल्यासारखे मढवायचे, आवळून ज्योत पोलादावर धरायची, डाखावर नव्हे. कडेला सलग चकचकीत रेघ उमटली की आच काढायची आणि गार होईपर्यंत हात लावायचा नाही. फट ०.०५ ते ०.१ मिलिमीटर हवी. त्याहून रुंद फटीत सगळा भार डाखावरच येतो.

जुन्या दुनळीवर मात्र २२१ अंश जास्त होतात. तिथली रिब १८३ अंशांनाच सुटू लागते. मग काहींना १३८ अंशांचा कथील-बिस्मथ डाख सुचतो. तो ठिसूळ असतो, आणि जुन्या डाखातलं शिसं त्यात मिसळलं की मिश्रणाचा काही भाग ९६ अंशांनाच वितळतो. लागोपाठ बार काढून तापलेल्या नळीवर ते चालणार नाही. अशा ठिकाणी ६३:३७ चा कथील-शिशाचा डाख घ्यावा, आच अगदी थोडक्या जागेत द्यावी, शेजारची रिब ओल्या फडक्याने थंड ठेवून शिकंज्यात आवळावी.