परदेशप्रवासापूर्वीचे लसीकरण

परदेशी जाण्याआधी तिकडच्या नियमासाठी किंवा तिकडच्या रोगांपासून बचावासाठी घ्यायच्या लसी, त्यांच्या तारखा आणि त्यांचे दाखले यांची ही नोंद आहे. काही लसी सीमेवरचा अधिकारी मागतो, काही विद्यापीठ मागते, आणि काही कोणीच मागत नाही पण तब्येतीसाठी लागतात. हे तीन प्रकार एकमेकांत मिसळले की घोटाळा होतो. बडोद्यातून (वडोदरा) जाणाऱ्या मराठी कुटुंबांत साधारण तीन तऱ्हा दिसतात : नोकरी, व्यापार किंवा सफारीसाठी पूर्व आफ्रिकेत जाणारे, शिकायला अमेरिकेला किंवा कॅनडाला जाणारे विद्यार्थी, आणि मुला-नातवंडांकडे जाणारे आजी-आजोबा. तिघांच्या गरजा वेगळ्या. म्हणून शेजाऱ्याची यादी उतरवून घेण्यात अर्थ नसतो.

तयारी निघण्याच्या किमान सहा ते आठ आठवडे आधी सुरू करावी. याला कारण अंतरांचे गणित आहे. हिपॅटायटिस बीच्या तीन मात्रा 0, 1 आणि 6 महिन्यांनी असतात, गोवर-गालगुंड-रुबेलाच्या (एमएमआर) दोन मात्रांत किमान 28 दिवस लागतात, आणि इंजेक्शनने देण्याच्या दोन जिवंत लसी (दुर्बळ केलेले जिवंत जंतू असलेल्या) एकाच दिवशी घेतल्या नाहीत तर त्यांच्यातही चार आठवडे जाऊ द्यावे लागतात. पीतज्वर (यलो फीव्हर), एमएमआर आणि कांजिण्या या तिन्ही जिवंत लसी आहेत. आज एक, पुढच्या सोमवारी दुसरी असे केल्यास दुसरीचा परिणाम कमी पडू शकतो आणि ती मात्रा मोजलीही जात नाही.

पीतज्वर आणि पिवळे कार्ड

भारतात पीतज्वर नाही. पण तो पसरवणारा एडिस इजिप्ती डास बडोद्यात कूलरच्या टाकीत, कुंड्यांखालच्या ताटल्यांत आणि गच्चीवर टाकलेल्या टायरांत मजेत वाढतो. डेंग्यू आणतो तो हाच. म्हणजे डास तयार आहे, फक्त विषाणू यायचा बाकी आहे. भारताचे नियम म्हणूनच कडक आहेत आणि ते जाताना जितके लागतात त्याहून अधिक परतताना लागतात. पीतज्वराच्या देशातून निघून सहा दिवसांच्या आत भारतात उतरणाऱ्या प्रवाशाकडे लस घेतल्याचा वैध दाखला, म्हणजे पिवळे कार्ड, नसेल तर त्याला सहा दिवसांपर्यंत विलग ठेवता येते. केनिया, युगांडा आणि इथिओपिया हे तिन्ही देश पीतज्वराच्या देशांच्या यादीत आहेत.

बदलत्या विमानाचा प्रश्न इथेच येतो. टांझानियातल्या दारेसलामला अदिस अबाबा (इथिओपिया) किंवा नैरोबीमार्गे (केनिया) जाऊन येणारा मनुष्य म्हणतो, 'मी तर फक्त विमान बदलले.' प्रवासी सर्व वेळ विमानतळाच्या आतच होता अशी आरोग्य अधिकाऱ्याची खात्री पटल्यास सूट मिळू शकते. खात्री मात्र त्याची पटायची असते, आपली नव्हे. बोर्डिंग पास जपून ठेवावेत. आणि लस घेण्यात वैद्यकीय अडचण नसेल तर दाखलाच काढून ठेवलेला बरा. युगांडा तर एक वर्षावरच्या प्रत्येक प्रवाशाकडे तो मागतो.

लस एकदाच, 0.5 मिलिलिटर, कातडीखाली टोचतात. पूर्वी तिची मुदत दहा वर्षे होती. 11 जुलै 2016 पासून आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांनुसार ती आयुष्यभर धरली जाते, अगदी त्याआधी घेतलेलीसुद्धा. जुन्या कार्डावर दहा वर्षांची तारीख आहे म्हणून पुन्हा टोचून घेण्याची गरज नाही. दाखला वैध होतो तो टोचल्यानंतर दहा दिवसांनी : 5 जूनला लस घेतली तर 15 जूनपासून. तिकीट 12 जूनचे असेल तर हातात कार्ड असूनही प्रवासी बिनदाखल्याचाच ठरतो. सर्वांत जास्त होणारी चूक ही.

लस केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने नेमलेल्या केंद्रावरच मिळते. गल्लीतल्या डॉक्टरकडे ती मिळत नाही, आणि इतरत्र टोचून आणलेल्या सुईचा दाखला चालत नाही. केंद्रांची यादी बदलते, म्हणून जाण्यापूर्वी मंत्रालयाची चालू यादी पाहावी. बडोद्याहून अहमदाबाद आणि मुंबई ही दोन्ही शहरे एका दिवसात जाऊन येण्यासारखी आहेत. केंद्रे बहुधा ठराविक वारीच लस देतात. यात कोणाचा आळस नाही. भुकटीच्या रूपातली ही लस 2 ते 8 अंश सेल्सियसला ठेवतात आणि बऱ्याचदा एका कुपीत अनेकांच्या मात्रा असतात. द्राव मिसळला की ती फार तर सहा तास टिकते, उरलेली फेकावी लागते. एकट्यासाठी कुपी फोडली जात नाही. आधी नाव नोंदवावे, मूळ पारपत्र आणि त्याची छायाप्रत न्यावी, चालू औषधांची चिठ्ठी न्यावी, आणि टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसावे.

कार्ड हातात पडले की रांगेतच उभे राहून वाचावे. नाव पारपत्रातल्यासारखेच हवे. बडोद्यात हा मुद्दा जरा नाजूक आहे, कारण गुजराती पद्धतीने आडनाव पुढे, मराठी पद्धतीने मागे, मधले नाव कधी वडिलांचे तर कधी नवऱ्याचे, आणि लग्नानंतर बदललेले नाव पारपत्रात अजून जुनेच. जन्मतारीख, पारपत्राचा क्रमांक, रोगाचे नाव, लस बनवणाऱ्याचे नाव, बॅच क्रमांक, वैधतेची सुरुवात, डॉक्टरची हाताने केलेली सही आणि केंद्राचा अधिकृत शिक्का हे सर्व लागते. सहीच्या जागी सहीचा शिक्का चालत नाही. तारखेत दिवस अंकात आणि महिना अक्षरात लिहितात, म्हणजे 05/06 हा जून की मे हा वाद उरत नाही. मजकूर इंग्रजी किंवा फ्रेंचमध्ये असावा लागतो. खाडाखोड असली तर कार्ड बाद होऊ शकते. चूक दिसली तर गिरवून घेण्याऐवजी नवे कार्ड मागावे. प्रत्येकाचे कार्ड वेगळे असते, तान्ह्या मुलाचेसुद्धा. मुलाच्या जागी सही आई किंवा वडील करतात.

लस कोणी घेऊ नये हेही ठरलेले आहे. नऊ महिन्यांखालील बाळे, प्रतिकारशक्ती दबलेले रुग्ण (कर्करोगाची औषधे, जास्त मात्रेतली स्टेरॉइड्स, अवयव प्रत्यारोपण), थायमस ग्रंथीचे विकार असलेले आणि अंड्याची तीव्र ॲलर्जी असलेले यांना ती देत नाहीत. गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांच्या बाबतीत धोका तोलून निर्णय होतो. साठीनंतर पहिल्यांदाच घेणाऱ्याला गंभीर प्रतिक्रिया येण्याची शक्यता तरुणांपेक्षा जास्त असते. ती दुर्मीळ असली तरी सत्तरीच्या माणसाने नुसत्या सहलीसाठी ही लस घ्यावी का, हे डॉक्टरशी बोलूनच ठरवावे. नियमात एक फटही आहे. भारतात परतताना सहा महिन्यांपर्यंतच्या बाळाला दाखल्यातून सूट आहे, पण लस नऊ महिन्यांनंतरच मिळते. मधल्या वयाच्या बाळाला घेऊन अशा देशातून येणे शक्यतो टाळावे. वैद्यकीय कारणाचे सूटपत्र मिळते खरे, परंतु ते मानायचे की नाही हे उतरणाऱ्या देशाच्या हातात असते.

ही लस कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भावर वाढवतात, त्यामुळे शाकाहारी घरांत 'चालते का?' हा प्रश्न हमखास निघतो. तो ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा. डॉक्टरला मात्र अंडे न खाणे आणि अंडे न सोसणे यांतला फरक सांगावा लागतो. जन्मात अंडे न चाखलेल्याला आपल्याला ॲलर्जी आहे की नाही हे माहीत असेलच असे नाही. केक किंवा अंडे घातलेली बिस्किटे कधी खाल्ली होती का, खाऊन अंगावर गांधी उठल्या किंवा धाप लागली का, ही चौकशी त्यासाठीच असते.

मलेरिया

पूर्व आफ्रिकेच्या प्रवाशाला खरी भीती पीतज्वराहून फाल्सिपेरम या जीवघेण्या प्रकारच्या मलेरियाची असते, आणि त्यावर प्रवाशांसाठी लस नाही. गोळ्याच घ्याव्या लागतात : डॉक्सिसायक्लिन रोज 100 मिलिग्रॅम, पोहोचण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून परतल्यावर चार आठवड्यांपर्यंत, किंवा अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल, परतल्यावर सात दिवसांपर्यंत. कोणती घ्यायची ते डॉक्टर ठरवतात. डॉक्सिसायक्लिन गर्भवतींना आणि लहान मुलांना देत नाहीत. घरी आल्यावर 'आता काय डास' म्हणून गोळ्या सोडणारे पुष्कळ. परतल्यानंतर आलेला कुठलाही ताप आफ्रिकेचे नाव घेऊन डॉक्टरला सांगावा.

विद्यार्थ्यांची कागदपत्रे

अमेरिकेतली विद्यापीठे बहुधा एमएमआरच्या दोन मात्रा मागतात. मेंदुज्वराची (मेनिंगोकॉकल) चार प्रकारांवरची लस (एसीडब्ल्यूवाय), टीडॅप (धनुर्वात, घटसर्प आणि डांग्या खोकला), हिपॅटायटिस बी आणि कांजिण्या यांची मागणी राज्यागणिक बदलते. घोडे अडते ते एमएमआरवर. आपल्या सरकारी वेळापत्रकात आधी नुसती गोवराची लस होती, 2017 पासून टप्प्याटप्प्याने गोवर-रुबेला आली. गालगुंड तिच्यात नाही. शिवाय पहिली मात्रा नवव्या महिन्यात असते आणि अमेरिकेत पहिल्या वाढदिवसाआधीची मात्रा धरत नाहीत. म्हणून सर्व लसी वेळच्या वेळी झालेल्या मुलालाही दोन मात्रा पुन्हा घ्याव्या लागतात, किंवा रक्तातल्या प्रतिपिंडांची तपासणी दाखवावी लागते. वेळ असेल तर लसच स्वस्त आणि सोपी पडते.

गुजरातचे ममता कार्ड (मुलाच्या लसींची नोंद असलेले) गुजरातीत असते आणि मराठी घरात त्याचे भाषांतर करताना चुका होतात. 'ओरी' म्हणजे गोवर, 'अछबडा' म्हणजे कांजिण्या, 'गालपचोळियुं' म्हणजे गालगुंड, 'उटांटियुं' म्हणजे डांग्या खोकला आणि 'धनुर' म्हणजे धनुर्वात. मराठीत देवी आणि कांजिण्या हे वेगळे रोग आहेत हे विसरून कोणी अछबडा म्हणजे देवी असे लिहून दिले की इंग्रजी फॉर्मवर भलतीच लस चढते. जुने कार्ड, त्यावरून बालरोगतज्ज्ञाने इंग्रजीत भरलेला आणि नोंदणी क्रमांकासह सही केलेला तक्ता, असे दोन्ही सोबत न्यावे.

क्षयाच्या चाचणीचा क्रमही महत्त्वाचा. बीसीजी (क्षयाची लस) घेतलेल्यांची कातडीवरची मॅन्टू चाचणी खोटी सकारात्मक येऊ शकते, म्हणून शक्य तिथे रक्ताची इग्रा चाचणी करावी. एमएमआर टोचल्यावर मात्र क्षयाच्या चाचणीचा निकाल काही काळ खोटा नकारात्मक येऊ शकतो : चाचणी त्याच दिवशी किंवा चार आठवड्यांनी करावी.

इतर

हज किंवा उमराहला जाणाऱ्यांना मेंदुज्वराची एसीडब्ल्यूवाय लस पोहोचण्याच्या किमान दहा दिवस आधी लागते. संयुग्म (कॉन्ज्युगेट) लसीचा दाखला पाच वर्षे, साध्या पॉलिसॅकराइड लसीचा तीन वर्षे चालतो. बाळंतपणाला परदेशी जाणाऱ्या आजी-आजोबांनी टीडॅप बाळाच्या जवळ जाण्याच्या दोन आठवडे आधी आणि फ्लूची लस त्या हंगामाची घ्यावी. कोविड लसीची सक्ती अमेरिकेने मे 2023 मध्ये उठवली.

पूर्वपीठिका

एके काळी प्रवाशाकडे देवी, पटकी (कॉलरा) आणि पीतज्वर असे तीन दाखले असत. पटकीची सक्ती 1973 मध्ये गेली, देवीचे निर्मूलन 1980 मध्ये जाहीर झाले, राहिला पीतज्वर. त्याची 17डी लस 1930च्या दशकात मॅक्स थायलर यांनी तयार केली. त्यांना 1951 चे नोबेल मिळाले. लसीकरणाच्या इतिहासात बडोद्याचेही एक पान आहे. प्लेगची लस काढणारे हाफकिन आणि त्यांचे सहकारी बॅनरमन यांनी 1898 मध्ये शहराजवळच्या उंढेरा गावात घरटी निम्म्या माणसांना लस टोचली आणि निम्म्यांना तशीच ठेवली. लस घेतलेल्या 71 जणांत 3 दगावले; न घेतलेल्या 64 जणांत 26.

उलटा प्रवास

परदेशात जन्मलेली नातवंडे दिवाळीला किंवा उन्हाळ्यात बडोद्याला येतात तेव्हा धोक्याची दिशा उलटते. इथे वाढलेल्यांच्या अंगात हिपॅटायटिस एविरुद्धची शक्ती लहानपणीच आलेली असते, त्या मुलांच्या नसते. पाणीपुरीच्या पाण्याने आजोबांना काही होत नाही आणि नातू आजारी पडतो. त्यांनी निघण्यापूर्वी हिपॅटायटिस ए आणि टायफॉइड या लसी घ्याव्यात. टायफॉइडची संयुग्म लस सहा महिन्यांच्या बाळापासून देता येते, साधी पॉलिसॅकराइड लस दोन वर्षांनंतरच. दोन्ही किमान दोन आठवडे आधी. सहा ते अकरा महिन्यांच्या बाळाला एमएमआरची एक जादा मात्रा देऊन आणतात, ती तिकडच्या वेळापत्रकात मोजत नाहीत. कुत्र्याची नखे लागली किंवा त्याने चावले तर जखम पंधरा मिनिटे साबणाच्या वाहत्या पाण्याने धुऊन त्याच दिवशी लस सुरू करावी, परतीच्या विमानापर्यंत थांबू नये. उरलेल्या मात्रा कुठल्या तारखांना घ्यायच्या ते इंग्रजीत लिहून मुलाच्या आईजवळ द्यावे.