चित्र दिसते, पण आवाज येत नाही: फोनवरील कोडेकची पार्श्वभूमी

फोनवर व्हिडिओ लावला की चित्र सुरळीत चालते, पण आवाज अजिबात येत नाही आणि ‘ईएसी३ हा ऑडिओ फॉरमॅट चालत नाही’ अशी सूचना पडद्यावर येते. अशा वेळी बहुतेक जण फाइल खराब आहे असे समजून ती पुसून टाकतात. प्रत्यक्षात फाइल धडधाकट असते आणि फोनही. अडचण बहुधा परवान्याची असते.

१९२० गुणिले १०८० बिंदूंची एक चौकट जशीच्या तशी साठवली, तर सुमारे ६२ लाख बाइट लागतात आणि सेकंदाला अशा २५ चौकटी धरल्या, तर हा आकडा साडेपंधरा कोटींवर जातो. म्हणून व्हिडिओ दाबून साठवावा लागतो आणि पाहताना पुन्हा उलगडावा लागतो. हे काम करणारा भाग म्हणजे कोडेक. २००३ साली आलेले एच.२६४ आणि २०१३ सालचे एच.२६५ ही त्यासाठीची सर्वमान्य मानके असली, तरी त्यांतील तंत्रांवर अनेक कंपन्यांची पेटंटे आहेत, म्हणून ती वापरायला परवाना लागतो. आवाजाच्या एसी३ (ईएसी३ हे त्याचेच पुढचे रूप) आणि डीटीएस या प्रकारांनाही अशाच परवान्यांचे बंधन होते. एमकेव्ही किंवा एमपी४ हा चित्र आणि आवाज एकत्र ठेवणारा केवळ डबा असतो, आतला कोडेक वेगळा असू शकतो; त्यामुळे नावाच्या शेवटी तीच अक्षरे असलेल्या दोन फाइलींपैकी एक चालते आणि दुसरी अडते.

२००० साली फाब्रिस बेलार यांनी सुरू केलेल्या एफएफएमपेग या मुक्त प्रकल्पाने असंख्य कोडेक एकत्र आणले आणि व्हीएलसीसह अनेक प्लेअर त्यावर उभे राहिले. एमएक्स प्लेअर या फोनवरील व्हिडिओ अ‍ॅपमध्ये सुरुवातीला डीटीएस आणि एसी३ थेट चालत असत. परवान्याच्या कारणाने ते पुढे काढले गेले आणि वापरकर्त्याने कोडेकची फाइल स्वतः मिळवून जोडण्याची सोय मात्र राहिली. ही फाइल प्रोसेसरनुसार वेगळी असते: जुन्या ३२ बिटांच्या एआरएम या प्रकारच्या प्रोसेसरसाठी एक, ६४ बिटांच्या एआरएमसाठी दुसरी, एक्स८६ या वेगळ्या प्रकारासाठी तिसरी. कोडेकच्या नावात दिसणारा ‘निऑन’ हा शब्द त्यातूनच आला; तो एआरएम प्रोसेसरमधील, एका वेळी अनेक आकड्यांवर क्रिया करणाऱ्या सूचनांचा संच आहे. कोणती फाइल हवी हे प्लेअर स्वतःच सेटिंगमध्ये सांगतो. ती दाखवून दिली की प्लेअर पुन्हा सुरू होतो आणि आवाज येऊ लागतो. मला हा उपाय मनापासून मोलाचा वाटतो, कारण त्यामुळे पुष्कळ चांगल्या फाइली वाचल्या आहेत.

त्याची मर्यादाही ओळखायला हवी. एच.२६५ किंवा २०१८ सालचे एव्ही१ हे मानक उलगडणारी यंत्रणा चिपमध्येच नसेल, तर ती कोणत्याही फाइलने बसवता येत नाही. तेव्हा सगळा भार प्रोसेसरवर येतो, फोन तापतो, बॅटरी झपाट्याने उतरते आणि मोठ्या रिझोल्यूशनचे चित्र अडखळू लागते.