दर भरतीला आपोआप मिटणारे दार

पणजी-पर्वरीत हल्ली डिझाइनवाल्यांची बैठक भरली की पहिल्या पाच मिनिटांत ‘शाश्वतता’ हा शब्द येतोच. बांबूचा टूथब्रश, जुन्या कागदाची खोकी, बॅटरी वाचवणारा अ‍ॅपचा काळा पडदा. त्यात वाईट काही नाही. मला मात्र अशा वेळी मांडवीतल्या दिवाडी बेटाच्या बांधावरची मानस, म्हणजे पाण्याचे लाकडी दार, आठवते. डिझाइन, वापरणाऱ्याची सोय, निसर्गाशी जुळवून घेणे हे सगळे शब्द गोव्यात पोचण्याच्या कितीतरी आधी ती तिथे होती.

गोवेकरांना सांगायला नको, पण घाटावरच्या वाचकांसाठी थोडे सांगतो. मांडवी आणि जुवारी या नद्यांना भरती-ओहोटी आत खूप दूरपर्यंत लागते. काठची सखल जमीन भरतीच्या पातळीखाली जाते. मातीचे बांध घालून ती लागवडीखाली आणली, तेच खाजन. गोव्यात खाजन जमीन सुमारे १८,००० हेक्टर आहे, म्हणजे राज्याच्या क्षेत्रफळाचा जवळजवळ विसावा हिस्सा. या बांधांत मधे मधे चिऱ्यांच्या चौकटीत बसवलेली लाकडी दारे असतात. त्या दारांना मानस म्हणतात.

ओहोटीला नदी उतरली की आत साचलेले पावसाचे पाणी दाराला बाहेर ढकलते, दार किलकिले होते आणि पाणी निघून जाते. भरतीचा लोंढा उलटा आला की तोच दार चौकटीवर दाबून धरतो. भरती जितकी मोठी, तितके दार घट्ट. ना मोटर, ना पहारेकरी, ना ‘ढकला’ अशी पाटी. एकदा हे बघायला मी मुद्दाम भरतीच्या वेळी जाऊन बसलो होतो. आधी फळीच्या कडेने थोडा फेस आला, मग एक मंद ‘धप्’. एवढेच. शेजारी जाळे सुकत घालणाऱ्या म्हाताऱ्यांनी मान वरही केली नाही.

पण नुसत्या दाराचे कौतुक करून भागत नाही. पावसाळ्यात आत भात, तेही कोरगुटसारखे खारटपणा सोसणारे. भात कापून झाले की मानशीतून मोजके खारे पाणी आत घेतात, ते पोयीत, म्हणजे आतल्या तळ्यात, खेळते, आणि ओहोटीला बाहेर पडताना दाराशी लावलेल्या जाळ्यात कोळंबी आणि मासळी सापडते. या मासळीच्या हक्काचा लिलाव गावकरी, म्हणजे गावच्या जुन्या घराण्यांची (गावकारांची) सामुदायिक संस्था, करायची आणि तो पैसा बांधाच्या डागडुजीला लागायचा. दार मासळी द्यायचे आणि मासळी दाराचा खर्च भागवायची. मला विचाराल तर या रचनेतला खरा कल्पक भाग हा हिशेबच आहे. लाकूड, चिरे, माती कुठेही मिळतात.

ही गावकरी पोर्तुगीजांनी निर्माण केलेली नाही. १५१० मध्ये ते आले, तेव्हा गावे आपला कारभार आपणच चालवत होती. १५२६ मध्ये अफोंसो मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याने गावकारांचे रीतिरिवाज लेखी नोंदवून घेतले. पुढे पोर्तुगीज अमदानीत तिला ‘कोमुनिदाद’ म्हणू लागले.

आता उरलेल्या जगाकडे वळू. १९५८ मध्ये चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर जोडप्याने भारत सरकारसाठी डिझाइनवर अहवाल लिहिला. त्यात त्यांनी आपल्या लोट्याची तारीफ केली: धरायला कसा, ओतायला कसा, कडेवर-डोक्यावर कसा बसतो. असा लोटा कोणा एकट्याने घडवलेला असणे शक्य नाही, हे त्यांचे म्हणणे. त्या अहवालातून १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. त्याच वर्षी डिसेंबरात गोवा मुक्त झाला. १९७१ मध्ये व्हिक्टर पापानेक या डिझायनरनेच पुस्तक लिहून डिझायनरांना फेकाऊ वस्तू बनवल्याबद्दल फैलावर घेतले. १९७९ मध्ये अहमदाबादेत ‘विकासासाठी डिझाइन’चा जाहीरनामा झाला. १९८७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या ब्रुंटलंड आयोगाने ‘शाश्वत विकास’ची व्याख्या जगभर नेली, आणि त्याच वर्षी गोवा घटक राज्य झाला. पुढच्याच वर्षी डोनाल्ड नॉर्मन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी ढकलायची की ओढायची ते कळत नाही अशा दारांवर चिडून पुस्तक लिहिले. १९९३ मध्ये ते अ‍ॅपलमध्ये गेले आणि ‘युजर एक्सपिरियन्स’ (वापरणाऱ्याचा अनुभव) हे शब्द पदनामात आले. नॉर्मन यांच्या वैतागाच्या दारांशेजारी मी मनात नेहमी मानस ठेवून बघतो.

इकडे तिचा जमाखर्च मात्र विस्कटला. १९६४ च्या कूळ कायद्याने कुळांना संरक्षण दिले. ते व्हायलाच हवे होते, गावकरी काही समतेचे नंदनवन नव्हती. पण गावकरीचा दबदबा गेला आणि बांधांची जबाबदारी लोंबकळत राहिली. १९७५ च्या नियमांनी ती कुळांच्या संघटनांकडे दिली. काही ठिकाणी त्या नेटाने चालल्या, बऱ्याच ठिकाणी कागदावर राहिल्या. नदीतून खनिज वाहणाऱ्या बार्जच्या, म्हणजे सपाट मालबोटींच्या, लाटांनी बांध खाल्ले. कोळंबीचा भाव वाढला तसे भातापेक्षा मासळी बरी म्हणून कुठे कुठे खारे पाणी मुद्दाम आत सोडले गेले. २०११ च्या किनारी क्षेत्र अधिसूचनेत खाजनांचे नकाशे करून संरक्षण द्यावे असे स्पष्ट म्हटले आहे. पण अधिसूचना काही बांधावर माती टाकत नाही.

दार तेच, लाकूड तेच. डागडुजी करायचे कारण तेवढे कोणाच्या हातात उरले नाही.

आपल्या खिशातल्या वस्तूंचेही असेच चालले आहे. माझ्या मागच्या फोनची बॅटरी बदलायला म्हापशात गेलो, तर ती गोंदाने चिकटवलेली. काढता काढता पडदा फुटला. दुरुस्तीवाला बिचारा ओशाळला, पण चूक त्याची नव्हती. ही गोष्ट कधी उघडावी लागेल, हा विचारच ती घडवताना केलेला नव्हता. २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’चे सरकारी पोर्टल आले. त्याच वर्षीच्या ई-कचरा नियमांनी उत्पादकांवरची जबाबदारी वाढवली, ते १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. अ‍ॅपांचे तर विचारूच नका. उद्घाटनाला फीत कापतात, आणि वर्षभराने लॉगिनचे पानही उघडत नाही.

त्या दिवशी दिवाडीहून निघताना नीट पाहिले. मानशीच्या फळ्या काळ्याकुट्ट, फक्त डावीकडची एक नव्या लाकडाची. ही कोणी घातली, म्हणून म्हाताऱ्यांना विचारले. ‘‘पावसा आदीं बदलूंक जाय आशिल्ली, बदल्ली,’’ म्हणाले, आणि जाळ्याची दुसरी बाजू उन्हात वळवली.