क्लबचा छोटा चषक आणि ‘जर्मन’ नावाचा घोळ : पार्श्वभूमी

सोलापुरातल्या जुन्या घरात आवराआवर निघाली की कधी कधी कपाटाच्या तळातून तीनेक इंचांचा, काळा पडलेला चषक हाती येतो. पोटावर क्लबची आद्याक्षरे, एखादे साल आणि ‘शोलापूर’ हे जुने इंग्रजी स्पेलिंग. तो सराफाकडे नेला की पहिला प्रश्न ठरलेला : चांदी की जर्मन?

फिरता चषक क्लबातच राहतो, जिंकणाऱ्याने घरी न्यायची ती त्याची छोटी प्रतिकृती, म्हणजे मिनिएचर. निरोपसमारंभातही अशा वस्तू देत. सोलापुरात रेल्वे 1860 मध्ये आली, पहिली कापडगिरणी 1877 मध्ये उभी राहिली. इंग्रजी धाटणीचे क्लब आणि त्यांच्या चालीरीती हे याच काळाचे देणे.

आता तो ‘जर्मन’. आपल्याकडे ‘जर्मनचे पातेले’ म्हणजे ॲल्युमिनियमचे. सराफाच्या तोंडी ‘जर्मन सिल्व्हर’ म्हणजे तांबे, निकेल आणि जस्त यांचा मिश्रधातू. त्यात चांदी गुंजभरही नसते. तिसरा प्रकार मुलाम्याचा. विजेच्या साहाय्याने चांदी चढवण्याचे पेटंट इंग्लंडमध्ये 1840 मध्ये निघाले आणि क्लबांना परवडतील असे चषक त्याच निकेलच्या धातूवर मुलामा देऊन बनू लागले. त्यांवर ‘ई. पी. एन. एस.’ (इलेक्ट्रो-प्लेटेड निकेल सिल्व्हर) ही चार अक्षरे चार वेगळ्या चौकटींत ठोकत. नजर सरावलेली नसेल तर तो अस्सल हॉलमार्कच वाटतो. चौथा अर्थ सर्वांत घातक : ज्यावर काहीच शिक्का नाही, ते जर्मन.

हा चौथा अर्थ साफ चुकीचा आहे. ब्रिटिश अमलात हिंदुस्थानात इंग्लंडसारखी हॉलमार्कची सक्ती नव्हती. कलकत्ता-मद्रासच्या मोठ्या पेढ्या आपापले शिक्के मारत, काही तर इंग्रजी शिक्क्यांची नक्कल करत. भुजचे नामांकित कारागीर आद्याक्षरे उमटवत. बाकी ठिकाणी कोणी नुसते ‘सिल्व्हर’ लिही, कोणी काहीच नाही. यातली बरीच चांदी रुपये आटवून आलेली. 1835 नंतरचा रुपया 180 ग्रेनचा, म्हणजे बरोबर एक तोळा, आणि त्यात बारापैकी अकरा भाग चांदी : 91.7 टक्के. इंग्रजी स्टर्लिंग 92.5 टक्के. फरक एका टक्क्याहूनही कमी! 1893 मध्ये टांकसाळींनी लोकांनी आणलेल्या चांदीचे रुपये पाडून देणे थांबवले, रुपयाची दर्शनी किंमत त्यातल्या चांदीपेक्षा वर गेली आणि रुपया आटवणे तोट्याचे ठरू लागले. तरी त्याआधीचा बिनशिक्क्याचा माल घराघरांत होताच. असा चषक ‘जर्मन’ म्हणून भंगाराच्या भावात जावा, याची मला फार हळहळ वाटते.

इंग्लंडहून मागवलेला माल ओळखणे सोपे. चालता सिंह म्हणजे स्टर्लिंग. नांगर बर्मिंगहॅमचा (जहाजाचा नांगर, शेतातला नव्हे, आणि त्या शहराला समुद्र नाही), बिबट्याचे तोंड लंडनचे, मुकुट 1974 पर्यंत शेफिल्डचा. शेजारचे एक अक्षर वर्ष सांगते. राजा-राणीचा मुखवटा असेल तर तो बहुधा करभरणीचा शिक्का. तो 1890 मध्ये बंद झाला. कोरलेले साल शिक्क्यातल्या वर्षानंतरचे असणे स्वाभाविक, कारण माल दुकानात पडून असे. ते आधीचे निघाले तर मात्र शंका घ्यावी. ‘शोलापूर’ या स्पेलिंगवर विसंबू नये, ते पुढेही बराच काळ वापरात होते. बैठक बेकेलाइटची (जुन्या कडक प्लास्टिकची) असेल तर ती 1907 च्या आधीची असूच शकत नाही, कारण तो पदार्थच तेव्हाचा.

शिक्का नसेल तर चषक आधी हवेत तोलावा, मग दोऱ्याने पाण्यात लोंबता ठेवून तोलावा. पाण्यात वजन जेवढे घटले तेवढ्याने हवेतल्या वजनाला भागले की चांदीचे उत्तर 10.3 च्या आसपास येते, निकेलच्या धातूचे 8.7 च्या. बैठकीत राळ किंवा प्लास्टर भरलेले असेल तर हा हिशेब चालत नाही. मग बुडाशी, दिसणार नाही अशा जागी तेजाबाचा थेंब. कानस मात्र कोणालाही लावू देऊ नये.

चांदीसाठी भारतीय हॉलमार्किंग 2005 मध्ये सुरू झाले. त्यामुळे आज दुकानात जाणारी पिढी शिक्का नाही म्हणजे खोटे असेच धरून चालते, आणि जुन्या वस्तूंचे नुकसान तिथेच होते. ‘अँटिक’ हा शब्दही सैल झाला आहे. 1972 च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरायला किमान 100 वर्षे लागतात, म्हणजे 1935 चा चषक अजून त्यात बसत नाही.

घरी आणल्यावर पावडरने घासून चकाकी आणण्याचा मोह होतो. मुलामा असेल तर तो उडतो, आणि भरीव चांदी असली तरी कोरलेली अक्षरे झिजतात. चषक कोणत्या शहरातल्या कोणत्या क्लबाचा होता हे सांगणारे दुसरे काहीही त्यावर नसते. मऊ सुती कापडाने पुसून, आधी त्या अक्षरांचे फोटो तिरप्या उजेडात काढून ठेवावेत.