इंट्राकोस्टल वॉटरवेवरचा हिवाळी दक्षिणप्रवास
अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्याला लागून आतल्या बाजूने खाड्या, नद्या आणि त्यांना जोडणारे खणलेले कालवे यांची एक माळ जाते, तीच इंट्राकोस्टल वॉटरवे, थंडी सुरू झाली की उत्तरेकडचे बोटवाले या माळेतून फ्लोरिडाकडे किंवा पुढे बहामाकडे निघतात. त्यांना तिकडे स्नोबर्ड म्हणतात (गाडीने दक्षिणेला जाणाऱ्यांनाही तेच नाव). समुद्रातून सरळ का जात नाहीत तर नॉर्थ कॅरोलिनातलं केप हॅटरस हे भूशिर. तिथली वाळूची भाटं, वादळं आणि गल्फ स्ट्रीम हा जोरदार समुद्रप्रवाह यांनी इतकी जहाजं खाल्लीयत की त्या भागाला अटलांटिकचं स्मशान म्हणतात.

मार्ग कुठून धरायचा यावर एकमत नाही. न्यू जर्सीत मॅनास्क्वान इनलेट ते केप मे असा आतला रस्ता आहे म्हणून काही जण तिथून मोजतात, काही थेट बॉस्टनपासून. पण मैलांची मोजणी व्हर्जिनियातल्या नॉरफोकला शून्यापासून सुरू होते आणि मायामी साधारण १,०९० वर येतं, त्यामुळे नॉरफोकच धरणं जास्त सोयीचं. हे मैल जमिनीवरचे, १.६ किमीचे, सागरी नाहीत, वेग नॉटमध्ये (ताशी सागरी मैलांत) मोजणाऱ्याचा हिशोब इथे हमखास चुकतो.

जुना वाद याच मार्गावरच्या, नॉरफोकच्या दक्षिणेला दलदलीतून जाणाऱ्या डिस्मल स्वॉम्प कालव्याचा. लोकसमजुतीत तो जॉर्ज वॉशिंग्टनने खणला, पण वॉशिंग्टनचा संबंध खरं तर १७६० च्या दशकातल्या दलदल उपसणाऱ्या कंपनीशी, तिने काढलेला चर वेगळा. कालव्याचं काम १७९३ ला सुरू झालं आणि ते बहुतांशी गुलामांच्या हातांनी झालं. उघडल्याचं साल बहुतेक ठिकाणी १८०५ देतात, मात्र तेव्हा त्यातून लाकडी कौलं वाहणारे सपाट तराफेच जायचे, त्याहून मोठी बोट गेल्याची पहिली नोंद १८१४ च्या सुमाराची. म्हणजे ‘खुला झाला’चा अर्थ काय घ्यायचा यावर साल ठरतं, १८०५ ला ‘अंशतः’ जोडलेलं बरं. मधे १८०८ ला अमेरिकेचा अर्थमंत्री अल्बर्ट गॅलाटिनने किनाऱ्यालगतच्या चार भूपट्ट्या कापून कालवे काढायची योजना सरकारला दिली होती, आजच्या मार्गाचा आराखडा त्यातच बघतात. शेजारचा अल्बेमार्ल-चेसापीक कालवा १८५९ चा, तो जास्त खोल म्हणून मोठ्या बोटी तिकडून जातात.

खोली कागदावर फ्लोरिडातल्या फोर्ट पिअर्सपर्यंत १२ फूट, मायामीपर्यंत १०. प्रत्यक्षात गाळ साचतो, तो आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्स (लष्कराचं अभियंता दल) निधी मिळेल तसा उपसतं. जॉर्जियात तर भरती-ओहोटीचा फरक सात-नऊ फुटांचा, तिथे उथळ जागा भरतीच्या वेळी गाठायची नाहीतर सहा तास चिखलात तिरकं बसायचं. उंच पूल बहुतेक ६५ फुटी, पण मायामीचा जुलिया टटल सुमारे ५६, त्यामुळे उंच डोलकाठीवाले तिथे समुद्रात उतरतात. उघडणाऱ्या पुलांना रेडिओवर हाक मारायची, फ्लोरिडा, जॉर्जिया, साऊथ कॅरोलिनात चॅनल ९, त्याच्या उत्तरेला १३.

पाण्यातला रस्ता दाखवणाऱ्या लाल-हिरव्या खुणांचं सांगायचं तर दक्षिणेला जाताना लाल उजवीकडे आणि हिरवी डावीकडे ठेवायची. घोळ होतो तो मार्ग एखाद्या नदीच्या खुणांशी मिसळतो तिथे, दोघांचे रंग उलटे पडू शकतात. तिथे रंग सोडून खुणेवरची पिवळी आकृती बघायची, त्रिकोण असेल तर लाल समजा, चौकोन असेल तर हिरवी. चार्टवर (जलमार्गाच्या नकाशावर) मार्ग दाखवणारी किरमिजी रेघ १९१२ पासून असल्याचं सांगतात, ती चुकीच्या ठिकाणी नेते म्हणून २०१३ ला काढायचं ठरत होतं, लोकांनी विरोध केल्यावर ठेवली. तिच्यावर डोळे झाकून चालू नये हे मात्र खरंच.

निघायची वेळ चक्रीवादळांच्या हंगामावर ठरते, तो ३० नोव्हेंबरला संपतो, पण अनेक विमा पॉलिसी १ नोव्हेंबरनंतर दक्षिणेला जाऊ देतात. शिडाची बोट दिवसाउजेडी ५० मैल कापते, दिवस लहान असतात, म्हणून मायामीला तीन आठवड्यांहून जास्तच लागतात. फ्लोरिडात मॅनेटी या संथ सागरी सस्तन प्राण्यासाठी बऱ्याच पट्ट्यांत १५ नोव्हेंबर ते ३१ मार्च वेगमर्यादा असते. बहामाला जायचं तर उत्तरेचा वारा थांबेपर्यंत वाट बघावी, गल्फ स्ट्रीम उत्तरेला वाहतो, समोरून वारा आला की लाटा उभ्या राहतात.