मंगळावरील समानव अवतरण आणि रॉकेट इंजिने

मंगळाच्या वातावरणात शिरलेले अवजड समानव (माणसांना घेऊन जाणारे) यान स्वनातीत, म्हणजे ध्वनीपेक्षा अधिक, वेगाने खाली येत असतानाच, त्याच्या गतीच्या दिशेला रोखलेली रॉकेट इंजिने पेटवून त्याचा वेग मोडण्याची पद्धती. मंगळावर आजवर माणूस उतरलेला नाही, आणि तेथे उतरवलेल्या गाड्यांपैकी सर्वांत जड ‘पर्सिव्हिअरन्स’ (2021) ही केवळ सुमारे 1,025 किलोग्रॅम वजनाची होती. माणसे, त्यांचे निवारे आणि परतीची सामग्री यांसाठी मात्र एका वेळी 20 टन किंवा त्याहून अधिक भार उतरवावा लागेल.

खरी अडचण मंगळाच्या हवेत आहे. बेळगावच्या पठारावर हवेचा दाब सुमारे 925 मिलिबार असतो आणि सांबऱ्याच्या धावपट्टीवर उतरणारे विमान या दाट हवेच्या आधारानेच अलगद खाली येते. मंगळावर तो दाब सरासरी 6 मिलिबारच्या आसपास आहे. एवढी हवा यानाचे कवच तापवायला पुरते, पण जड यानाला वेळेत थोपवायला पुरत नाही. यान मोठे केले, तर त्याचे वजन घनाच्या प्रमाणात आणि हवेला अडवणारे क्षेत्रफळ मात्र वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणूनच ‘पर्सिव्हिअरन्स’ला उपयोगी पडलेली 21.5 मीटर व्यासाची हवाईछत्री नुसती मोठी करत जाऊन हा प्रश्न सुटणार नाही.

चंद्रावर हवाच नसल्याने ‘चांद्रयान-3’ (23 ऑगस्ट 2023) संपूर्णपणे इंजिनांच्या बळावर उतरले. मंगळावर इंजिनाचा झोत समोरून येणाऱ्या वेगवान प्रवाहाशी भिडतो, यानापुढील आघात-तरंग (वेगवान यानासमोर दाबल्या गेलेल्या हवेची लाट) दूर ढकलतो आणि त्यामुळे हवेकडून मिळणारा रोध बराचसा नाहीसा होतो. म्हणजे जो थोडाफार वेग हवेने फुकट कमी केला असता, त्याचीही किंमत इंधनात मोजावी लागते. अनेक इंजिनांचे झोत एकमेकांत मिसळले, की हा प्रवाह अस्थिर होऊन यान डोलण्याचा धोका असतो.

या पद्धतीचा सर्वांत मोलाचा पुरावा पृथ्वीवरच मिळाला. ‘स्पेसएक्स’ या अमेरिकी कंपनीच्या ‘फाल्कन 9’ रॉकेटचा पहिला टप्पा 2013 पासून परतीच्या वाटेवर, हवा मंगळासारखी विरळ असते त्या उंचीवर, स्वनातीत वेगात इंजिने पेटवू लागला. नासाने 2014 मध्ये अवरक्त कॅमेऱ्यांनी त्याची निरीक्षणे घेतली.

जमिनीजवळचा शेवटचा टप्पा तितकाच कठीण आहे. ‘क्युरिऑसिटी’ (2012) ही गाडी मंगळावर उतरताना तिचा एक वारामापक संवेदक बहुधा उडालेल्या खड्यांमुळेच निकामी झाला. अवजड यानाचा झोत जमिनीत खड्डा पाडून दगड थेट इंजिनांवरच फेकू शकतो. त्यामुळे इंजिने यानाच्या वरच्या भागात बसवणे किंवा यंत्रांकरवी आधीच टणक तळ तयार करून ठेवणे, असे उपाय विचाराधीन आहेत.